दोन्ही सभांना एकच उत्तर

निवडणूक घरात शिरली की घरची माणसं आपल्याच घरात पाहुणी होतात. राजारामपुरीतल्या मगदुमांच्या घरी तेच झालं होतं. बैठकीच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे, जिन्यात फ्लेक्स, स्वयंपाकघरात कार्यकर्त्यांच्या चहाचं पातेलं. सून सौंदर्या पहिल्यांदाच महापालिकेला उभी होती. तिचे सासरे शिवमूर्ती हे प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. ते पुस्तकांच्या खोलीत दार लोटून बसत.

त्या दुपारी मात्र त्यांना बाहेर बोलावणं आलं.

"वैनी, नुस्तं 'हो' म्हणा की," प्रचाराचं काम बघणारा बाळासो सांगत होता. "सांजच्याला प्राणीमित्र मंडळाची सभा हाय. प्राण्यांवरच्या सगळ्या प्रयोगांवर बंदी पायजे म्हणत्यात. समोरच्या उमेदवारानं कवाच हो म्हटलंय. दोन कॉलन्या त्यांच्या शब्दावर मत टाकत्यात."

"आणि उद्या औषधवाल्यांच्या मेळाव्यात, कंपन्या आणि दुकानदारांसमोर, काय बोलू?"

"तितं म्हणायचं, संशोधनाला कसली आडकाठी नको. हितली माणसं तितं न्हाईत, तितली हितं न्हाईत."

"पण नगरसेवकाच्या हातात यातलं आहे काय?"

"काय न्हाय. म्हणून तर काय बी बोललेलं चालतंय."

सौंदर्याला हसू आलं, पण त्या हसण्यात जीव नव्हता. लढत अटीतटीची होती आणि दोन कॉलन्यांची मतं गेली तर निवडून येण्याची आशा उरत नव्हती. ती सासऱ्यांकडे वळली. "अप्पा, तुम्ही जन्मभर मुलांकडून बेडूक कापून घेतलेत. तुम्हीच सांगा, हो म्हणू की नाही?"

शिवमूर्ती चष्मा पुसत पुढे आले. मग हळूहळू बोलू लागले. ते सुनेशी बोलत होते की त्या जुन्या दिवसांशी, सांगणं कठीण होतं.

"रंकाळ्याकडचा एक माणूस ओल्या पोत्यातून बेडूक घेऊन यायचा. मेणाचे ट्रे, टाचण्या, फॉर्मॅलिनचा तो वास. काळीज उघडं पडून धडधडताना दिसलं की वर्गातली सगळ्यात वांड पोरंसुद्धा गप्प व्हायची. अजून आठवते मला ती शांतता. घरी आलो की अव्वा मागच्या दारात बादली घेऊन उभी असायची."

अव्वा म्हणजे त्यांची आई. घर लिंगायत, पूर्ण शाकाहारी. प्रयोगशाळेतून आलेल्या मुलाच्या अंगावर पाणी पडल्याशिवाय ती त्याला उंबरा ओलांडू देत नसे. पाणी ओतता ओतता रोज विचारायची, "आज त्या जिवाकडनं काय शिकलास ते सांग." शिवमूर्ती काहीतरी सांगत. कधी रक्त कसं फिरतं, कधी फुप्फुस कसं भरतं. अव्वा मान डोलवून ऐकायची. पण तोच धडा, तोच बेडूक, अशी वर्षं गेली तसं सांगण्यासारखं काही उरेना. मग ती तांब्या खाली ठेवून म्हणायची, "म्हंजे आजचा जीव फुकट गेला की रं."

"आता तेच सगळं पडद्यावर दिसतं," शिवमूर्ती म्हणाले. "कॉलेजांतलं कापणं थांबलं, बरं झालं. सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्यांवरही आपल्याकडे बंदी आली, तेही बरं झालं. पावडरीसाठी सशाचे डोळे कशाला जाळायचे?"

"मग 'हो'च म्हणा की वैनी," बाळासो खूश झाला.

"थांब. आमचा सोमशेखर लहान असताना शिरोळच्या मळ्यात त्याला घोणस चावली होती." नवऱ्याचं नाव निघताच सौंदर्याने मान वर केली. "ज्या औषधानं तो वाचला ते कसं होतं, ठाऊक आहे? घोड्याला विष थोडं थोडं टोचतात आणि मग त्याच्या रक्तातून उतारा काढतात. सगळ्यावर बंदी म्हणताना मला त्या पोराचा सुजलेला पाय दिसतो. आणि सगळं मोकळं म्हणताना तो घोडा दिसतो. मी काय सांगू? मलाच नीट कळलेलं नाही."

बाळासो पेठ वडगावजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा. तो डोकं खाजवत म्हणाला, "सर, आमच्यात बैलाचा खांदा आला, म्हंजे जुवानं सुजला, की वडील त्याला जुपायचे न्हाईत. ऊस वाळू दे न्हाईतर कारखाना बोंबलू दे. बाकी बैल मातूर राबायचा. पुढं ट्रॅक्टर आला, मग जूच उतरलं."

शिवमूर्ती त्याच्याकडे बघतच राहिले. "अरे, हेच तर मला सांगता येत नव्हतं!"

संध्याकाळी सभेत मंडळाच्या राजनंदिनीताईंनी माईक पुढे केला. "पूर्ण बंदी. हो की नाही?"

"आज नाही," सौंदर्या म्हणाली. सभेत कुजबुज झाली. "जिथं दुसरी वाट आहे तिथं प्राण्याला हात लावू नये. जिथं माणसाचा जीव वाचवायला दुसरी वाट नाही तिथं लावावा, पण कमीत कमी प्राणी, कमीत कमी वेदना, आणि त्यावर बाहेरच्या माणसांची नजर. दुसरी वाट शोधायला सरकारनं पैसा द्यावा. ती सापडली की जू उतरवावं."

टाळ्या पडल्या नाहीत. "गेल्या दोन्ही कॉलन्या," परतताना बाळासो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी औषधवाल्यांच्या मेळाव्यात समोरचा उमेदवार आधी बोलला. "संशोधनाच्या आड कोणी येता कामा नये," असं त्याने ठणकावून सांगितलं. सौंदर्याने मात्र कालचंच उत्तर दिलं. लोकांनी तिथंही नाकं मुरडली.

उतरताना जिन्यात राजनंदिनीताई भेटल्या. त्यांच्या भावाचं औषधांचं दुकान, त्याच्याबरोबर त्या आल्या होत्या.

"तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मला पूर्ण बंदीच हवी आहे. पण ज्याच्याकडून आम्ही 'हो' वदवून घेतलं, त्याचं आजचं भाषण ऐकलंत ना? चूक आमचीही आहे. आम्हाला उत्तर नको होतं, होकार हवा होता. दोघांचं बोलणं मी कॉलनीत जसंच्या तसं सांगेन. पुढं लोक ठरवतील."

बाळासोने खिशातलं पुढच्या सभेचं भाषण काढलं, त्यातली त्या सभेपुरती लिहिलेली दोन वाक्यं पेनाने खोडली आणि म्हणाला, "वैनी, तिकडं बी हेच बोलायचं का?"

"हेच."

"मग पाठ कराय सोपं जाईल."

मतदारबंधूंनो आणि भगिनींनो, ही गोष्ट सांगायचं कारण एवढंच: अवघड प्रश्नाचं एका शब्दात उत्तर मागितलं की आपल्याला फसवणं सोपं होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल आपली मतं वेगळी असतील, असू देत. उमेदवाराचं उत्तर पूर्ण ऐकावं, आणि दुसऱ्या सभेत तो काय बोलला तेही विचारावं. मुक्या जिवाला सभेत उभं राहता येत नाही. त्याच्याबद्दल बोलणाऱ्यानं निदान दोन सभांत दोन जिभा वापरू नयेत.