शिडीची पाचवी पायरी

आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी किती स्वच्छ झालं ते सांगायला यंत्रं आहेत, पण ऑपरेटर मामांचा विश्वास फक्त निवळण टाकीतल्या लोखंडी शिडीवर. पाण्याखाली पाच पायऱ्या दिसल्या की पाणी पाठवायचं. त्या दिवशी सकाळी एकही धड दिसत नव्हती.

"तुमच्या प्रयोगशाळेचं तुरटीचं माप चुकलंय," नवे साहेब मला म्हणाले. "दुपारी चारपर्यंत पाणी निवळलं नाही, तर शहराचे नळ बंद आणि तुमची बदली बिलाच्या खिडकीवर." कागद तयारच होता. बावीस वर्षं तुरटी मोजली, ती काय आता पावत्या फाडायला? माझं डोकंच फिरलं.

मी सहा काचेच्या भांड्यांत नदीचं गढूळ पाणी घेतलं, प्रत्येकात तुरटीचं माप वेगळं. आधी मिनिटभर जोरात ढवळलं, मग अगदी सावकाश. तिसऱ्या भांड्यात मातीचे कण एकमेकांना धरून मोठे पुंजके झाले आणि गुमान तळाशी बसले. माप तेच, माझंच, रोजचं!

मी तडक मामांकडे गेले. "सावकाश ढवळायच्या टाकीतली पाती एवढी का गरगरतायत?"

"साहेबांचा हुकूम," मामा म्हणाले. "म्हणे, जास्त ढवळलं की जास्त मिसळतं."

मी ते तिसरं भांडं साहेबांच्या टेबलावर आदळलं आणि हातात चमचा दिला. "ढवळा. जोरात!"

त्यांनी ढवळलं. पुंजके फुटले, पाणी पुन्हा गढूळ.

"जुळत आलेल्याला थोपटायचं असतं साहेब, झोडपायचं नसतं."

साहेबांचे कान लाल झाले. "वेग कमी करा," ते हळूच म्हणाले.

दुपारी दोन पायऱ्या दिसल्या. साडेतीनला चार. चारला दहा मिनिटं कमी असताना साहेब स्वतः कठड्यावरून वाकले.

"पाच!"

"सहा!" मामा ओरडले. "अहो, सातवीसुद्धा!"

मी हसले आणि सगळ्यांसमोर रडलेही. लाज कसली?

"आणि तो बदलीचा कागद?" मी डोळे पुसत विचारलं.

"कसला कागद?" साहेबांनी खिशातून माझा चमचा काढून परत दिला. "उद्या मला ती सहा भांडी शिकवाल?"

"आठला या," मी म्हणाले. "आमच्याकडे उशीर चालत नाही."