खोटा वाजलेला पाना

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे आणि मला एकच शब्द बोलता येतो. तो शब्द म्हणजे ‘टक्’. हजारो वेळा मी तो खरा बोललो. एका दिवशी मात्र लागोपाठ वीस वेळा खोटा बोललो. आज त्या दिवसाबद्दल सांगायचं ठरवलं आहे. सांगताना मान खाली जाते, पण गप्प बसून ती वर येईल असंही नाही.

मी साधा पाना नव्हे. माझ्या दांड्यात एक लांब स्प्रिंग आहे आणि मुठीजवळ आकडे कोरलेले आहेत. मूठ पिळून हवा तो आकडा लावला की स्प्रिंग तेवढी दाबली जाते. मग चाकाचा नट कसत जायचा. पुरेसा कसला गेला की मी ‘टक्’ म्हणतो आणि कसणारा थांबतो. चाक सैल राहू नये आणि जास्त जोर लावून आटेही जाऊ नयेत, एवढ्यासाठी मला बनवलं.

नागपूर-हैदराबाद रस्त्यावर जामच्या चौकात डोमाजींचं टायरचं दुकान आहे. तिथे मला आणलं त्यांच्या मुलीनं, मयुरीनं. आयटीआय करून ती दुकानात उभी राहिली तेव्हा गाडीवाले तिच्याकडे बघून म्हणायचे, “बापाले बोलाव.” ती वाद घालत नसे. आकडा लावायची, नट कसायची आणि म्हणायची, “ऐका.” मी ‘टक्’ करायचो. हळूहळू लोक बापाला बोलवायचे थांबले. माझ्या शब्दावर त्या पोरीचं नाव झालं, याचा मला फार गर्व होता.

डोमाजी मात्र माझी टर उडवत. “चाळीस वर्सं झाली, माह्या हातच माह्या पाना हाय,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. मला ते झोंबायचं.

रोज दुकान बंद करण्याआधी मयुरी माझी मूठ उलटी पिळून मला अगदी खालच्या आकड्यावर आणायची, फडक्यानं पुसायची आणि मग खिळ्याला लावायची. “ताणात ठेवला त याची स्प्रिंग थकते, बाबा,” ती सांगायची. डोमाजी हसायचे. “लोखंड कुठी थकते का, पोरी?”

मग मयुरी बाळंतपणासाठी चार महिने घरी राहिली आणि दुकानात डोमाजी एकटे उरले. पहिल्याच आठवड्यात मी बघितलं की ट्रॅक्टरचा नट कसताना त्यांचा उजवा हात थरथरतो आहे. त्यांनी नट कसला, हात लावून पाहिला, पुन्हा कसला. त्यांचा स्वतःवर विश्वास बसेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला खिळ्यावरून काढलं.

खरं सांगतो मित्रांनो, त्या क्षणी मला आनंद झाला. ज्यानं जन्मभर माझी चेष्टा केली, त्याला शेवटी माझीच गरज पडली! त्यांनी मला दोनशेच्या आकड्यावर नेलं आणि मी ऐटीत ‘टक्’ केलं. त्या दिवसापासून रोज गिऱ्हाईक चहाला गेलं की डोमाजी मला गुपचूप काढत आणि काम झालं की घाईघाईनं टांगत, आकड्यांची बाजू भिंतीकडे करून. मूठ उलटी पिळायची असते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. गंजलेले नट उघडायलासुद्धा त्यांनी मला जुंपलं. ते माझं काम नव्हे. चार महिने रात्रंदिवस मी दोनशेच्या ताणात लटकत होतो. आतली स्प्रिंग मऊ पडत चालली होती, ते मला कळत होतं. पण पुन्हा हातात घेतलं जाण्याचं सुख इतकं होतं की मला त्याचं काहीच वाटलं नाही.

मयुरी परत आली आणि दुसऱ्याच दिवशी दुकानापुढे एक लाल, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार थांबली. पिपरी मेघेला राहणाऱ्या धीरजची ती गाडी. वर्ध्यात त्याच्या घरचं कापडाचं दुकान. ही गाडी त्यानं पुण्याहून जुनी घेतली होती आणि आता तिला हलकी अलॉय चाकं बसवायची होती. चार खोकी त्यानं जपून उतरवली. मयुरीनं काट्याला अडकवून वजन केलं. जुनं चाक साडेदहा किलो, नवं सात.

“वर्ध्यात हात लावाले कोणी तयार नाई, ताई,” धीरज म्हणाला. “तुमचं नाव सांगतलं लोकायनं.”

मयुरीनं किती निगुतीनं काम केलं म्हणून सांगू! तारेच्या ब्रशनं चाकाची बैठक घासली. मधलं भोक मोजून, चाक बरोबर मध्यावर बसावं म्हणून कडं घातलं. नव्या चाकांचे नटही नवे, ते आधी हातानं फिरवून पाहिले. मग तिनं मला काढलं. आकडा दोनशेवर पाहून ती क्षणभर थबकली. “मीच इसरली असन,” असं पुटपुटत तिनं एकशेदहा लावला. एरवी डोमाजी प्रत्येक टायरला थाप मारायचे, पण त्या दिवशी ते हात खिशात घालून लांब उभे होते.

धीरजनं व्हिडिओ काढायला मोबाईल धरला. चार चाकं, प्रत्येकाला पाच नट, समोरासमोरचे आलटून पालटून. वीस वेळा मी ‘टक्’ म्हणालो. दरवेळी आकडा गाठण्याच्या कितीतरी आधी म्हणालो. मला माहीत होतं. पण सैल पडलेल्या स्प्रिंगला थांबता येत नाही.

“शंभर किलोमीटर झाले की एकदा येजा भाऊ,” मयुरी म्हणाली. “नवं चाक बसते, नट पुन्हा पाहून घेऊ.”

शंभर व्हायच्या आतच, तिसऱ्या दिवशी गाडी परत आली, टेम्पोवर चढून. आईला, प्रमिलाबाईंना, सावंगीच्या दवाखान्यात डोळे दाखवायला नेताना स्टेअरिंग हादरू लागलं. धीरजनं गाडी कशीबशी बाजूला घेतली. पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट पडून गेले होते आणि चाकाची भोकं लांबट झाली होती. प्रमिलाबाई खुर्चीवर बसल्या. त्यांच्या हातातलं पाणी हिंदकळत होतं. ते पाणी पाहून मला खिळ्यावरून गळून पडावंसं वाटलं.

“नट कसलेच नाई का ताई तुम्ही?” धीरजचा आवाज चढला. “माही माय होती गाडीत!”

“वीसही कसले, भाऊ. तुमच्याच मोबाईलमंदी असन.”

त्यानं व्हिडिओ लावला. चहाच्या टपरीवरची माणसं जमली होती. त्या सगळ्यांपुढे माझा आवाज आला: टक्, टक्, टक्. इतका स्वच्छ, इतका ठाम! कुणी म्हणालं, “बाईच्या हातचं काम, दुसरं काय?” मयुरीचा चेहरा उतरला. तिनं मला हिसकून काढलं, मागच्या चाकाच्या नटाला लावलं आणि मी लगेच ‘टक्’ म्हणालो. मग तिनं साधा, मोठा पाना घेतला आणि जोर लावला. तोच नट चांगला पाव फेरा फिरला.

मयुरी माझ्याकडे बघत होती. इतकी वर्षं जिनं माझ्यावर विश्वास टाकला तिची ती नजर मी अजून विसरलो नाही.

“चूक माहीच हाय,” ती म्हणाली. “आकडा दोनशेवर दिसला, तरी मी पाना तपासला नाई. टाका भाऊ व्हिडिओ, पाहू द्या सगळ्यायले. माह्या नावानं टाका.”

धीरजचं बोट मोबाईलवर होतं. तेव्हा डोमाजी पुढे आले. त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि सगळ्यांसमोर धरला. तो थरथरत होता.

“तिची नाई, माही चूक हाय,” ते म्हणाले. “चार महिने थो पाना मीच वापरून राह्यलो होतो. हात धरत नाई आता माह्या. कोणाले सांगाची लाज वाटे. काम झालं की तसाच टांगो. पोरीनं हजारदा सांगतलं होतं, मी हसलो.”

मयुरीनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. “मले काऊन नाई सांगतलं, बाबा?”

बोलल्या त्या प्रमिलाबाई. “थरथरते त थरथरू द्या, भाऊ. माह्याही हातातलं पाणी पाहा ना. हात धराले पोरगी जवळ हाय, तिले सांगाव की नाई माणसानं?” मग त्या मुलाला म्हणाल्या, “ठेव थो मोबाईल.”

धीरजनं मोबाईल खिशात ठेवला. मयुरीनं बिघडलेल्या चाकाच्या जागी दुसरं मागवून दिलं. एक नवा पाना आला, त्यानं सगळे नट कसले, आणि शंभर किलोमीटर झाल्यावर धीरज आपण होऊन पुन्हा दाखवायला आला. त्या दिवशी मी भिंतीवरूनच ऐकलं. नव्या पान्याचं ‘टक्’ खरं होतं.

माझ्या दांड्यावर आता लाल रंगाचा पट्टा आहे. त्याचा अर्थ, याला वापरू नये. मला ते मान्य आहे.

मित्रांनो, काम झालं की आमचा ताण उतरवत जा, एवढंच माझं मागणं आहे. न उतरवलेला ताण बाहेरून दिसत नाही. तो आतून खोटं बोलायला लावतो, आणि त्याची शिक्षा भलत्यालाच होते. मी तेव्हा गप्प राहू शकलो असतो तर किती बरं झालं असतं.

हल्ली दुकान बंद करायच्या वेळी नवा पाना डोमाजीच सैल करतात. थरथरत्या हातानं मूठ पिळत आकडे मोठ्यानं म्हणतात, मयुरीला ऐकू जावेत म्हणून. मग ते मलाही खाली काढतात. माझी मूठ केव्हाचीच खालच्या आकड्यावर आहे, हे त्यांना ठाऊक आहे. तरी ते एकदा पाहतात, पुसतात आणि आकड्यांची बाजू बाहेर ठेवून मला टांगतात.