जगदीशला उठवायची काठी

मी काठी बोलतेय. बांबूची, सहा फुटांची, एका टोकाला बेचकं असलेली. चाळीत उंच दोरीवर कपडे वाळत घालायला असते ना, तसली. पण माझ्या गळ्यात जी चिठ्ठी बांधली आहे तिच्यावर कपड्यांचा उल्लेख नाही. तिच्यावर लिहिलंय, 'मारहाणीत वापरलेली बांबूची काठी, नग एक.' खाली लाखेचा शिक्का. ते खोटं नाही. मी मारलं आहे. कोणाला आणि कसं, ते सांगते.

काळाचौकीत एका गणपतीचा मांडव उतरवत होते, तेव्हा उरलेला तुकडा म्हणून मला बाजूला फेकलं होतं. कुशाबांनी उचललं. मिलमधून घरी बसलेला माणूस, हाताला काहीतरी काम लागायचंच. त्यांनी माझी पेरं तासली, टोकाला बेचकं केलं, आठवडाभर खोबरेल चोळलं आणि सुनेला म्हणाले, "चंपा, ही घे. आता स्टुलावर चढू नकोस."

दुसऱ्या मजल्यावरची एकच खोली. वर पोटमाळा, बाहेर गॅलरी. खोलीत कुशाबा, त्यांचा मुलगा जगदीश, सून चंपा आणि नात माया. दिवसभर मी ओल्या साड्या, टॉवेल, मायाचे ड्रेस दोरीवर चढवायचे. रात्री दाराशेजारच्या दोन खिळ्यांवर आडवी पडायचे. तिथून मला सगळी खोली दिसायची.

जगदीश शाळेची बस चालवायचा. बेचाळीस मुलं, काळाचौकी, लालबाग, परळ करत दादरपर्यंत. पहाटे पाचला उठायचं, सहाला गाडी काढायची. मुलांना तो आवडायचा. दिवाळीला मुलं त्याला आपापल्या हाताने केलेली भेटकार्डं द्यायची आणि ती तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा.

कुशाबा गेले त्या वर्षी जगदीशची झोप गेली. चंपा सगळ्यांना असंच सांगायची. खरं म्हणजे घोरणं त्याच्या आधीच वाढलं होतं. आता मात्र नऊला दिवा मालवला तरी तो पडून राहायचा. कूस बदलायचा, उठून पाणी प्यायचा, गॅलरीत जाऊन यायचा, पुन्हा पडायचा. कधीतरी उशिरा डोळा लागायचा. मग घोरणं सुरू. आणि घोरता घोरता एकदम आवाज बंद व्हायचा. छाती हलायची नाही. चंपा अंधारात उठून बसायची आणि त्याच्या नाकासमोर हात धरायची. तेवढ्यात तो घशातून मोठा आवाज काढून श्वास ओढायचा, पाण्यात बुडणारा माणूस वर येतो तसा. रात्रीतून किती वेळा, याचा हिशेब नव्हता.

पाचला फोनचा अलार्म वाजायचा. पहिला, दुसरा, तिसरा. शेजारच्या खोलीतली माणसं उठायची, जगदीश उठायचा नाही. एके दिवशी चंपाने त्याच्या खांद्याला धरून हलवलं आणि त्याने डोळे न उघडताच मूठ मारली. तिचा पुढचा दात हलला, ओठ फाटला. रक्त उशीवर पडलं तेव्हा तो पुरता जागा झाला.

"अगं, मला वाटलं कोणीतरी गळा दाबतंय," तो म्हणाला. मग स्वतःच्या टॉवेलने तिचं तोंड पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी चंपाने मला खिळ्यांवरून काढलं. दारात उभी राहिली आणि लांबूनच माझं टोक त्याच्या तळपायाला लावलं. "अहो, उठा. पाच वाजले."

तेव्हापासून मी जगदीशला उठवायची काठी झाले. एक वर्ष, सात महिने. कधी तो नुसताच दचकायचा, कधी लाथ मारायचा. एकदा मला हिसकावून त्याने भिंतीवर आपटलं तेव्हा आरसा फुटला. एकदा पाण्याचा हंडा उलटला आणि पोटमाळ्याच्या शिडीपर्यंत पाणी गेलं. भान आलं की तो ओशाळायचा, फडकं घेऊन स्वतः फरशी पुसायचा. चंपा चहा ठेवायची. तीही रात्रभर जागीच असायची. पण तिच्या झोपेचं कोणी विचारलं नाही.

चाळीत आवाज लपत नाहीत. काही जण म्हणायचे, पितो. तो पीत नव्हता. शेजारच्या बकुळाआजी एकदा दारात येऊन हळूच म्हणाल्या, "गो चंपा, ह्येका कायतरी लागलासा. गावाक नेऊन राखणदार देवाक दाखव."

"आजी, आमच्यात असलं मानत नाहीत," चंपा म्हणाली.

"मगे डॉक्टराक तरी दाखव. पन दाखव, बाय माझे."

माया तेच म्हणत होती. ती परळच्या एका लॅबमध्ये काउंटरवर कामाला लागली होती. तिथल्या डॉक्टरांना तिने विचारून घेतलं होतं. एका संध्याकाळी बाप जेवत असताना तिने विषय काढला.

"पप्पा, झोपेत श्वास अडकतो तुमचा. त्याची टेस्ट असते. एक रात्र झोपायचं फक्त, वायरी लावून."

"आणि रिपोर्ट काय येणार? ड्रायव्हर झोपत नाही. लायसन घालवायचंय का माझं?"

"पण पप्पा, मुलं असतात गाडीत..."

ताट बाजूला सरकवून तो उठला आणि त्याने तिला थोबाडीत मारली. एक नाही, दोन. चंपा मधे आली तर तिला ढकललं. ती कपाटावर आदळली. तेव्हा संध्याकाळचे साडेसात झाले होते, ट्यूबलाइट चालू होती, त्याचे डोळे टक्क उघडे होते. भान आल्यावर तो ओशाळला नाही, कारण भान गेलंच नव्हतं. तो पुन्हा बसला आणि उरलेला भात खाल्ला.

टेस्टचा विषय तिथेच संपला.

पुढच्याच महिन्यात एका दुपारी प्रिती आली. बसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला जी बाई असते, ती ही. पंचविशीची मुलगी. दारात चप्पल काढतानाच रडायला लागली.

"वहिनी, जगदीशदादा आज स्टिअरिंगवर झोपले. डोळे उघडे होते हो, पण झोपले होते. पुलावरून उतरताना गाडी डिव्हायडरला घासली. मी पाण्याची बाटली फेकून मारली त्यांच्या पाठीत, तेव्हा ब्रेक लागला."

"मुलं?" चंपाने विचारलं.

"नील आहे ना, पहिलीतला. पुढच्या सीटच्या दांडीवर तोंड आपटलं त्याचं. रक्त थांबेना. दादा म्हणाले, कुत्रं आडवं आलं असं सांगू. मीही तेच सांगितलं, वहिनी. नोकरी जाईल म्हणून मीही खोटं बोलले." तिने चंपाचे दोन्ही हात धरले. "उद्या तुम्ही त्यांना उठवूच नका. पाया पडते तुमच्या."

प्रिती गेल्यावर चंपाने माझ्याकडे बघितलं. मग दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला उठली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला अलार्म वाजला तेव्हा तिने तो बंद केला. दुसराही, तिसराही. त्याला हाक मारली नाही. मला खिळ्यांवरून उचललं आणि दाराच्या आतल्या दोन लोखंडी कड्यांत अडसरासारखं आडवं घातलं. मग दाराला पाठ लावून उभी राहिली. चहा ठेवला नाही.

पावणेसहाला नळाला पाणी आलं. गॅलरीत हंडे-कळशा आदळू लागल्या आणि जगदीश आपोआप जागा झाला. त्याने फोन बघितला. मग चंपाकडे बघितलं.

"उठवलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"आज गाडीवर जायचं नाही. आधी डॉक्टर."

"प्रिती आली होती वाटतं," तो म्हणाला.

तो उठला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला नाही. मोरीत जाऊन तोंड धुतलं. खाकी शर्ट घातला, वरपासून खालपर्यंत बटणं लावली. खाटेवर बसून बूट घातले, नाड्या बांधल्या. मग दारापाशी आला.

"बाजूला हो."

"नाही होणार. बेचाळीस लेकरं आहेत."

त्याने तिचे केस धरून तिला बाजूला फेकलं आणि मला कड्यांतून ओढून काढलं. ती लगेच उठली, पुन्हा दाराला भिडली. दोन्ही हात तिने चौकटीला धरले होते. त्याने मला वर उचललं.

पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला. मी आजवर तिच्या हातात होते, अंगावर कधीच पडले नव्हते. दुसरा पाठीवर. तिसऱ्याला तिने डावा हात वर केला आणि मनगटात काहीतरी तुटल्याचं मला माझ्या आतून कळलं. त्याच घावाला मलाही टोकापासून हातभर तडा गेला. चंपा किंचाळली, पण चौकट सोडली नाही. एका हाताने धरून राहिली.

"सोड, नाहीतर मरशील!" तो ओरडला आणि चौथ्यांदा मारलं. पाचव्यांदाही.

माया पोटमाळ्यावरून शिडी न वापरता खाली आली. तिने मागून माझं दुसरं टोक पकडलं. बाप ओढत होता, लेक ओढत होती. माझ्या तड्याची धार तिच्या तळहातात घुसली, रक्ताने मी निसरडी झाले, तरी तिने सोडलं नाही. तिने पायाने त्याच्या पोटरीत लाथ मारली, तो कलला, आणि मी तिच्या हातात आले.

तिने मला दोन्ही हातांनी धरून त्याच्या गुडघ्यावर मारलं. तो खाली बसला. मग तिने त्याच्या दंडावर मारलं, पुन्हा दंडावर, आणि तिसऱ्यांदा मला डोक्याच्या वर नेलं. त्याने हात डोक्यावर घेतले. मी तिथेच वर थांबले.

"माया!" चंपा म्हणाली. "पुरे. फोन कर."

मायाने मला टाकलं. रक्ताळल्या बोटांनी शाळेत फोन लावला. "तुमच्या काळाचौकीच्या बसला आज ड्रायव्हर नाही. दुसरा पाठवा. का म्हणजे? माझे पप्पा झोपत नाहीत. महिनोन्‌महिने झोपलेले नाहीत. काल कुत्रं आडवं आलं नव्हतं."

बाहेर गॅलरीत सगळी चाळ जमली होती. दार उघडल्यावर बकुळाआजी आधी आत आल्या आणि त्यांनी स्वतःच्या पदराने चंपाचं मनगट बांधलं. जगदीश भिंतीला टेकून बसला होता. त्याने कोणाकडेच बघितलं नाही.

चंपाच्या मनगटात दोन ठिकाणी हाड मोडलं होतं. प्लास्टर घातल्यावर ती घरी न येता थेट पोलीस चौकीत गेली. संध्याकाळी हवालदार गणपत आले, पंचनामा झाला, आणि मी कपड्यांच्या दोरीखालून निघाले ती कायमची.

दीड वर्ष मी पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत कोपऱ्यात उभी होते. मग एका सकाळी गणपतनी मला धूळ झटकून कोर्टात नेलं.

जगदीश पिंजऱ्यात उभा होता. बराच वाळला होता, पण चेहऱ्यावर टवटवी होती. जामिनावर तो चेंबूरला बहिणीकडे राहत होता. मायाने सांगितलेली टेस्ट त्याने शेवटी केली होती. तासाला चाळीस वेळा श्वास अडकतो असा रिपोर्ट आला, आता तो नाकावर मशीन लावून झोपत होता. गाडी सोडली होती. त्याच्या वकिलांनी तो रिपोर्ट पुढे ठेवला आणि चंपाला विचारलं, "तुमच्या नवऱ्याला झोपेचा आजार आहे, हे खरं ना?"

"खरं."

"झोपेतून उठताना आधीही तो हात चालवायचा?"

"चालवायचे. माझा दात त्यातच हलला. त्याची मी तक्रार केलेली नाही."

"मग त्या सकाळीही त्याला भान नव्हतं, असंच ना?"

"साहेब, झोपेतल्या माराला औषध आहे, ते यांनी घेतलं, चांगलं झालं. त्या सकाळी यांनी आधी शर्टाची सगळी बटणं लावली. मग बूट घातले. नाड्या बांधल्या. मग मला मारलं."

वकील पुढचा प्रश्न विचारायला कागद उलटत होते. तेवढ्यात जगदीश बोलला.

"जागा होतो, मॅडम."

मॅजिस्ट्रेटबाईंनी वर बघितलं. "तुम्ही बोलू नका. तुमचे वकील बोलतील."

"वकिलांना काय माहीत? मी जागा होतो. समोर कोण आहे ते मला दिसत होतं. पोरीला मारलं तेव्हाही जागाच होतो." त्याने पिंजऱ्याची दांडी घट्ट धरली होती. "आजाराचं मला नंतर कळलं. इथे मी त्याच्या आड लपत होतो."

त्याला वर्षाची शिक्षा झाली. बाहेर व्हरांड्यात पोलीस त्याला घेऊन उभे होते, मी गणपतच्या काखेत होते. चंपा आणि माया समोरून आल्या. तो म्हणाला, "आता रात्रभर झोपतो मी. सुटल्यावर..."

"झोपा," चंपा म्हणाली. "पण तिकडेच, चेंबूरला. घरी नाही."

त्याने मान हलवली. पोलीस त्याला घेऊन गेले. मायाने ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गणपतना विचारलं, "काका, ही काठी परत मिळते का? आजोबांच्या हातची आहे."

"अर्ज केला तर मिळेल."

"नको," चंपा म्हणाली. वाकड्या जुळलेल्या मनगटाने तिने पदर सावरला. "ती बिचारी काय करणार? पण घरात नको."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिचं बरोबर होतं.

गणपत काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "ताई, तब्येत बरी दिसते आता."

माया हसली. "आई झोपते ना आता! सकाळी आठ-आठ वाजेपर्यंत. बकुळाआजी येऊन दोनदा नाकाशी हात धरून गेल्या, जिवंत आहे का बघायला."

चंपाही हसली. इतक्या वर्षांत तिला मी झोपलेलं फारसं पाहिलंच नव्हतं.

आता मी पुन्हा कोपऱ्यात आहे. अपिलाची मुदत संपली की मला जाळून टाकायचा हुकूम झालाय. बांबूच आहे, चटकन पेटेन. तुमच्या घरात कोणाला झोप येत नसेल, कोणाचा श्वास अडकत असेल, तर माझ्यासारखी काठी शोधू नका. दिव्याखाली बसून बोला, डॉक्टरकडे जा. आणि जो जागेपणी हात उगारतो त्याला आजारी म्हणू नका.

माझं मागणं एवढंच आहे. मला जाळायचं तर दुपारी जाळा. सकाळी नको. सकाळी चंपा झोपलेली असते.