दशांशापर्यंत जुळलेलं तापमान

तू आधी नुसतं ऐक. माझं कॉम्प्युटर मॉडेल उद्याचं तापमान सांगतं, आणि टेकडीवरच्या हवामान केंद्राचे निरीक्षक काका दुसऱ्या दिवशी तिथला थर्मामीटर बघून खरं काय ते कळवतात. आधी एक-दोन अंशांचा फरक पडायचा, पण गेले तीन महिने दशांशापर्यंत जुळतंय! माझे गाईड सर खूश, मला मात्र वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. काल टेकडी चढले, तर थर्मामीटरच्या पेटीचं कुलूप गंजलेलं! तशीच काकांच्या घरी थडकले.

“गुडघे गेले गं पोरी, टेकडी चढवत नाही,” ते म्हणाले. “मग तू आदल्या दिवशी पाठवतेस, तोच अंदाज लिहून कळवतो. तुझं कुठे चुकतं?”

याच आकड्यांवरचा माझा प्रबंध सर उद्या विद्यापीठात पाठवणार. बोलले तर माझं वर्ष जातं आणि काकांची नोकरीही. तू काय केलं असतंस?