संत व्हितोचे पगारी भक्त

वांग्याचे काप तळून, त्यांवर टोमॅटोचा रस्सा आणि चीज पसरून दोरा ट्रे ओव्हनमध्ये ढकलत होती, तेव्हा चौकातून हातोड्यांचे आवाज येत होते. संत व्हितोची जत्रा आठवड्यावर आली होती आणि तिचा नवरा ओरोन्त्सो सकाळपासून कमानीवर चढलेला होता. त्याला गार जेवण घशाखाली उतरत नसे, म्हणून दोरा दुपारी स्वतः डबा घेऊन जायची. नवऱ्याला बिशप करून ठेवलाय हिने, असं शेजारणी म्हणायच्या, आणि दोराला ते मनातून आवडायचं.

कमानी म्हणजे चर्चच्या माथ्याला भिडणारे लाकडी सांगाडे, वरून खालपर्यंत रंगीत दिव्यांनी मढवलेले. ते उभे करायचे ते खांबांना दोर लावून, आणि दिवे बसवायला माणसं माकडासारखी वर चढायची. कमरेला सुरक्षेचा पट्टा कोणाच्याच नसे. तसले पट्टे पांतालेओच्या व्हॅनमध्ये होते, प्लास्टिकच्या वेष्टनात, जसे दुकानातून आले तसे. पट्टा लावला की हात मंद चालतो, असं पांतालेओचं मत होतं. आणि कमानींचा धंदा पांतालेओचा होता.

लाज वाटावी अशी या गावाची एक रीत आहे, ती इथे सांगायलाच हवी. पांतालेओकडे कमानी चढवणारे कागदोपत्री कामगार नव्हतेच. ते ‘भक्त’ होते. संताच्या सेवेसाठी वर चढलेले! मजुरी रोज संध्याकाळी हातावर पडायची, फक्त तिला मजुरी म्हणायचं नाही. शेजारच्या गावांच्या जत्रांनाही हेच भक्त जात. ज्या संताचं नाव ओरोन्त्सोला धड ठाऊक नसे, त्याचाही तो भक्त असे. कामगार म्हटला की सरकारात नोंद आली, अपघात विम्याचा हप्ता आला. भक्ताला यातलं काही लागत नाही, तपासणीला कोणी आलं की कमरेला एक निळी पट्टी बांधली की झालं. आणि ही सगळी लबाडी एकट्या पांतालेओची होती असंही नाही. नोंद नसल्यामुळे माणसांना हिवाळ्यात बेकारभत्ता मिळायचा, म्हणून तीही खूश असायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, आणि चाललंय ते बरंच आहे असं चर्चपासून बारपर्यंत सगळे मानत होते.

त्या दुपारी दोरा चौकात शिरली आणि ओरोन्त्सोने वरून तिला पाहिलं. हात हलवायला म्हणून नाही, नुसता पाय बदलायला गेला, आणि पायाखालची फळी उलटली. तो दगडी फरसबंदीवर पाठीवर आपटला. डबा टाकून दोरा धावली. तो शुद्धीवर होता. त्याने डावा पाय जवळ ओढला, बुटाची टाच दगडावर घासली, हे तिने डोळ्यांनी पाहिलं.

“हलवू नकोस गं मला,” तो म्हणाला. “जरा पडू दे असाच.”

पांतालेओ व्हॅनकडे धावला तेव्हा तिला वाटलं, तो फोन आणायला गेला. तो निळी पट्टी घेऊन आला. पांतालेओ तिच्या मुलीचा, तेक्लाचा, बाप्तिस्म्यातला धर्मपिता. अशा माणसाला इकडे कोम्पारे म्हणतात आणि त्याचा शब्द सख्ख्या भावाच्या शब्दापेक्षा जड असतो.

“दोरा, आधी ही बांध त्याच्या कमरेला.”

“कोम्पारे, आधी रुग्णवाहिका बोलाव.”

“बोलावतो ना. पण ते लोक यायच्या आत ही दिसली पाहिजे. असाच सापडला तर मी गेलोच, पण तोही जाईल. भत्ता खातो ना दर हिवाळ्यात? तुरुंगात टाकतील त्याला. माझ्या हातून बांधली तर दहा जणांना संशय येईल. तू बायको आहेस. बांध, माझी बाई.”

भोवतीची माणसं बघत उभी होती. दोराने नवऱ्याच्या कमरेखाली हात घातला, त्याला उचललं, पट्टी सरकवली आणि गाठ मारली. ओरोन्त्सो असा ओरडला की घंटाघरावरची कबुतरं उडाली. मग तो पाय कुठे गेले म्हणून विचारू लागला. त्यानंतर पांतालेओने फोन लावला.

इस्पितळात तिने पढवल्याप्रमाणे सांगितलं: माझा नवरा भक्त आहे, संतासाठी चढला होता. तरुण डॉक्टरीण तिला बाजूला घेऊन म्हणाली, की पडल्यावर पाय हलत होते असं रुग्ण स्वतः सांगतोय. मग याला कोणी उचललं होतं का? मणका आधी नुसता मोडला होता, उचलल्यामुळे सरकला. दोराने कानावर हात ठेवले. घरी येऊन मात्र तिने उंबऱ्यातच बसकण मारली.

जत्रा ठरल्या दिवशी झाली. कमानी झगमगल्या, बँड वाजला, आणि मिरवणूक दोराच्या दारापुढे थांबली. धर्मगुरूंनी ओरोन्त्सोच्या त्यागाची वाखाणणी केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पांतालेओ रुमालाने डोळे पुसत होता. आणि तेव्हाच चौकात एका कमानीचा तुकडा निखळून नोटरीच्या गाडीवर पडला. गाडीचा टप चेपला. विमा कंपनीचा एजंट दुसऱ्या दिवशी हजर झाला, त्याने दिलगिरी व्यक्त केली आणि पंधरवड्यात टप नवा झाला.

नाताळपर्यंत पांतालेओ घरी तेल, पीठ पाठवत राहिला. मग तेही बंद झालं. नोंदच नव्हती, तर मिळणार काय होतं, असं तो प्रत्येकाला सांगे, आणि मी तरी किती दिवस पोसू, असंही. ओरोन्त्सो पलंगावर पडून होता. कमरेखाली त्याला काही कळत नसे. त्याला पालथं करणं, पुसणं, जखमा होऊ नयेत म्हणून तेल चोळणं, सगळं दोरा करायची. तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात तो लावू देत नसे. डॉक्टरीण काय म्हणाली ते तिने त्याला सांगितलं नव्हतं.

टपाची गोष्ट मात्र तिच्या डोक्यातून जाईना. पत्र्याला पैसे मिळतात आणि माणसाच्या पाठीला नाही? एका सकाळी ती एजंटच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. रेजिनाल्दो त्याचं नाव. तो संत्रं सोलत होता.

“बाई, दोन वेगळे विमे आहेत हे,” तो म्हणाला. “कमान लोकांवर पडली, गाडीवर पडली, तर माझी कंपनी भरते. तो परक्यांसाठी असतो. कमानीवर लटकणाऱ्यासाठी सरकारचा विमा. ते माझं काम नाही.”

“त्यात नाव घातलंच नव्हतं त्याचं. हप्ता कोणी भरला नाही.”

“म्हणून काय झालं? कामगार असला की सरकार देतंच, मालकाने भरो न भरो. नंतर ते मालकाच्या मानगुटीवर बसतात, वसूल करतात. पांतालेओला हे पक्कं ठाऊक आहे, माझ्यासमोर बसून ऐकलंय त्याने.” त्याने फोड तोंडात टाकली. “एवढंच म्हणायचं होतं तुम्ही, की तो कामावर होता. तुम्ही भक्त म्हणालात. भक्ताला स्वर्ग मिळतो, बाई, पेन्शन नाही.”

दोरा रस्त्यावर आली. ज्या पट्टीसाठी तिने त्याला उचललं, तीच त्याच्या तोंडचा घास काढून घ्यायला बांधली होती. आणि बांधली कोणी, तर तिने.

अर्जाची मुदत अजून होती. तिने सरकारी विम्यासाठी अर्ज केला. बातमी पांतालेओपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तो घरी आला, स्वयंपाकघरात बसला, आणि ओरोन्त्सोला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात बोलला.

“चौकशीला बाई येणारेत म्हणे. येऊ देत. मी त्यांना सांगेन, उचलला कोणी आणि पाय कशाने गेले ते. सगळ्यांनी पाहिलंय. ओरोन्त्सो तुझ्या हातचं खातो, तुझ्या हातून धुऊन घेतो. त्याला कळलं की पाय याच हातांनी गेले, मग? पैसे घेऊन काय करशील गं?”

तिने त्याला कॉफी दिली नाही. या घरातून तो कॉफीशिवाय पहिल्यांदाच गेला.

चौकशीच्या बाई आल्या तेव्हा दोराने खुर्ची पलंगाशेजारी मांडली. दुसऱ्या खोलीत बोलू, असं बाई म्हणाल्या. नको, दोरा म्हणाली, त्याच्यासमोरच.

“माझा नवरा भक्त नाही. एकोणीस वर्षं तो पांतालेओकडे मजुरीवर आहे. त्या दिवशी कामावर होता. आणि पडला तेव्हा त्याचा पाय हलत होता. तो म्हणाला, हलवू नकोस. मी उचलला त्याला, पट्टी बांधायला. डॉक्टर म्हणाल्या, त्यानेच पाय गेले. पांतालेओ म्हणाला म्हणून केलं, पण हात माझे होते. हेही लिहा.”

ओरोन्त्सो छताकडे बघत होता. मग त्याने बाईंना विचारलं की त्याची सही कुठे हवी. सगळं खरं आहे, मी कामावर होतो, असं सांगून त्याने सही केली. पेन परत देताना तो दोराकडे न बघता म्हणाला,

“उद्यापासून नुन्त्सियाला बोलाव.”

नुन्त्सिया त्याची बहीण. दुसऱ्या दिवसापासून ती येऊ लागली. ती त्याला धुते, पालथं करते, तेल लावते, आणि दोरा तोवर दाराबाहेर उभी असते. पेन्शन सुरू झाली, भत्त्यापायी तुरुंगात कोणी टाकलं नाही, पांतालेओच्या मागे वसुली लागली. गावाने मात्र दोराशी बोलणं टाकलं, कारण पुढच्या जत्रेच्या कमानी परगावच्या कंपनीकडे गेल्या आणि भक्तांचा रोज बुडाला. ती कंपनी तरी आपली माणसं नोंदवते का, हे विचारायला गावातून एकही माणूस गेला नाही.

दोरा मात्र विचारायला गेली. आता कमानींचा हंगाम लागला की ती बसने एकेका गावात उतरते, चढणाऱ्यांची घरं शोधते आणि त्यांच्या बायकांना गाठून सांगते, नवरा पडला तर उचलू नका आणि भक्त म्हणू नका. बहुतेक जणी दार लावून घेतात. एक कोवळी पोर, पोटुशी, दारात उभी राहून तिचं सगळं ऐकून घेत होती. शेवटी तिने हळूच विचारलं, “तुमचे हे बोलतात का आता तुमच्याशी?”

“नाही,” दोरा म्हणाली. “तुझा कुठल्या कमानीवर आहे, ते सांग.”