कोणाच्या हाताचा वाव?

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. तुम्ही लगेच मान डोलावलीत ना? तिथेच चुकलात. आधी मला हात लावून बघायचं, ताणून बघायचं. ही खरंच जुनी आहे की धूळ फासून म्हातारपणाचं सोंग आणते आहे, ते तपासायचं. मला राग येणार नाही. उलट कोणी पटकन विश्वास ठेवला की मलाच त्या माणसाची शंका येते.

हा माझा स्वभाव नाही, धंदाच तसा आहे. मी गलबतावरची पाण्याची खोली मोजणारी दोरी. पाणी वरून सगळीकडे सारखंच गोड हसतं. खाली वाळूचा पट्टा आहे, गाळ आहे की काळा खडक, याचा ते ताकास तूर लागू देत नाही. म्हणून मला खाली सोडायचे आणि मी तळाशी जाऊन पाण्याचं पोट तपासून यायची. जन्मभर ज्यानं दुसऱ्याच्या पोटात काय आहे तेच शोधलं, तो भोळा कसा राहणार?

माझा जन्म एका लांबलचक पडवीत झाला. तिथला दोरवाला तागाचे पेड वळत उलट्या पावलांनी मागे मागे चालायचा. पुढे काय आहे ते न बघता मागे चालणाऱ्या माणसाचा काय भरवसा, असं मला तेव्हाच वाटलं होतं. पण माणूस कसबी होता. त्यानं मला घट्ट वळलं, माझ्या टोकाला शिशाचं लांबट वजन बांधलं. त्या वजनाच्या तळाला एक खळगा होता. त्यात चरबी भरायची, म्हणजे तळाची वाळू, चिखल, शिंपल्याचा चुरा, जे असेल ते तिला चिकटून वर यायचं. मी नुसता शब्द देत नसे, पुरावा घेऊन येत असे.

आता माझ्या मापाविषयी सांगते, कारण सगळं रामायण त्यावरूनच घडलं. दोन्ही हात आडवे पसरा. एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या बोटांच्या टोकापर्यंत जेवढी लांबी होते, तिला वाव म्हणतात. साधारण चार हात. फार जुना शब्द आहे. माणसानं फूटपट्टी केली त्याच्या कितीतरी आधी तो दोरी छातीवरून ताणून धरायचा आणि मोजायचा. दोरवाला दोरी वावांवर विकायचा, विहीर खणणारे विहिरीची खोली वावांत सांगायचे, आणि समुद्रावर तर वावाशिवाय पानही हलत नसे. ‘वाव’ म्हणजे मोकळी जागा, असंही तुम्ही म्हणता. सुधारायला वाव आहे, संशयाला वाव आहे. हात पसरायला जागा मिळाली की माणसाला मोकळं वाटतं, त्यातूनच तो अर्थ आला असेल का? मला खात्री नाही, आणि खात्री नसलेली गोष्ट मी छातीठोकपणे सांगत नाही.

आमच्या गलबतावर एक रीत होती. गलबताचा प्रमुख म्हणजे तांडेल. दोरीवरच्या खुणा त्याच्याच हातांनी मोजून बांधायच्या. पहिल्या वावाला गाठ, दुसऱ्याला दोन शेपट्यांचं चामडं, तिसऱ्याला तीन शेपट्यांचं, पुढे कापडाच्या चिंध्या. अंधारातही नुसतं चाचपून कळावं, बोटं गारठली तर ओठाला लावून कळावं, म्हणून हा सगळा थाट.

माझा पहिला तांडेल ताडमाड उंच होता. त्यानं हात पसरले की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वाकावं लागायचं. त्यानं माझ्यावर खुणा बांधल्या आणि मला एका खलाशाच्या हाती दिलं. त्या खलाशाला सगळे भोंगा म्हणत. त्याचं खरं नाव बहुधा त्याच्या आईलाच आठवत असेल. त्याचा आवाज असा, की त्यानं डोलकाठीजवळ शिंक दिली तर धक्क्यावरच्या लोकांनी मागे वळून बघावं. तो गलबताच्या कडेला उभा राहून मला पुढे फेकायचा, पाण्याला टेकलेली खूण चाचपायचा आणि ओरडायचा, “तीन वाव! बारीक वाळू!” मी सांगायचं, त्यानं ओरडायचं, तांडेलानं सुकाणूवाल्याला इशारा करायचा. आम्हा तिघांचं असं जमलं होतं.

आमच्या बंदराच्या तोंडाशी वाळूचा एक पट्टा होता. त्या उंच तांडेलानं ठरवून दिलेलं होतं, पट्ट्यावर दोन वाव पाणी असेल तर भरलेलं गलबत बिनधास्त घालायचं. कमी असेल तर भरतीची वाट बघत बसायचं. किती वर्षं आम्ही त्याच नियमानं आत-बाहेर केलं. धक्क्यावर लोक म्हणायचे, “त्यांची दोरी कधी खोटं बोलत नाही.” मला बरं वाटायचं. नाही म्हटलं तरी स्तुती गोडच लागते.

पुढे तो तांडेल म्हातारा झाला आणि एके दिवशी त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, जीभ जड झाली. गलबत जावयाकडे आलं. जावई कष्टाळू होता, समुद्र जाणणारा होता, मनानंही वाईट नव्हता. फक्त बेताच्या उंचीचा होता आणि त्या एका गोष्टीवरून कोणी काही बोललं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

माझी चामडी तोवर कुजली होती. गलबत किनाऱ्यावर डागडुजीला ओढलं तेव्हा नव्या तांडेलानं मला मागवलं. रीतीप्रमाणे त्यानं जुन्या खुणा उसवल्या, हात पसरले, छाती फुगवली आणि नव्या खुणा बांधल्या. दर वावामागे खूण पूर्वीपेक्षा वीतभर अलीकडे आली. मला ते लगेच जाणवलं. खलाशांनीही एकमेकांकडे पाहिलं. स्वयंपाक्यानं तोंड उघडलं होतं, पण तांडेलाच्या कपाळावरची आठी पाहून त्यानं जांभई दिल्यासारखं केलं. ‘तुमचे हात आखूड आहेत’ हे तांडेलाला सांगायचं कोणी? सगळे मूग गिळून बसले. भोंगा तेव्हा आपल्या गावी गेला होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

पहिल्याच फेरीत मिठाची पोती भरून आम्ही परत येत होतो. पट्टा आला. भोंग्यानं मला फेकलं. माझं शिसं वाळूवर टेकलं, आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तळ फार लवकर लागला होता. पण वर भोंग्याच्या बोटांना दोन शेपट्यांचं चामडं नेमकं पाण्याला टेकलेलं लागलं. तो ओरडला, “दोन वाव! जाड वाळू!”

तांडेलानं गलबत पुढे घातलं. क्षणभरानं खालून असा करकराट झाला की माझ्या अंगावर काटा आला. सुकाणू निखळलं, फळी उचकटली, पाणी आत शिरलं. माणसं वाचली, पण मीठ ते मीठच. डोळ्यांदेखत पोतीच्या पोती विरघळली आणि समुद्र जरासा अधिक खारट झाला.

मग सुरू झाला संशयाचा बाजार. कोणी म्हणालं वाळू सरकली. कोणी म्हणालं सुकाणूवाल्याला डुलकी लागली होती. सुकाणूवाला म्हणाला, सुताराची फळीच कच्ची होती. मी स्वतःसुद्धा त्या स्वयंपाक्याकडे तिरप्या नजरेनं बघत होते, कारण तो फारच कमी बोलत होता. शेवटी खापर फुटलं भोंग्यावर.

तांडेल धक्क्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, “तू न बघताच ओरडलास. खरं सांग, घेतली होतीस की तुला कोणी फितवलं?”

“चामडं पाण्याला लागलं होतं,” भोंगा म्हणाला. “माझ्या बोटांना कळलं ना.”

“मग गलबत काय हवेत अडकलं?”

भोंग्यानं आपली बोटं पुढे करून दाखवली. त्या दिवसापासून त्याला आमच्याच काय, कुठल्याच गलबतावर कोणी घेईना. खोली सांगणाऱ्याचा शब्द एकदा बुडाला की तो माणूसही बुडाल्यातच जमा. तो मासळीच्या गोदामात बर्फ फोडू लागला. आणि गंमत म्हणजे, नव्हे, गंमत कसली, फार वाईट गोष्ट आहे ती, तो हळू बोलू लागला. भोंगा कुजबुजतो आहे, हे ऐकून मला रडू आलं असतं, पण मी आधीच ओली होते.

मला चिखल आणि मिठासकट तांडेलाच्या घरी टाकण्यात आलं. तांडेलाची बायको म्हणजे म्हाताऱ्या तांडेलाची मुलगी. तिनं मला गोड्या पाण्यात धुतलं आणि अंगणात वाळत घालायला नेलं. तिथे दोन खांब होते. तिच्या वडिलांनी ती लहान असताना जाळी वाळवायला ते पुरले होते, आपल्या बरोबर एका वावाच्या अंतरावर. लहानपणापासून ती दोरीचं शिसं एका खांबाला अडकवायची की पहिली गाठ दुसऱ्या खांबावर यायची. त्या दिवशी गाठ आली नाही. वीतभर अलीकडेच राहिली.

तिनं पुन्हा ताणलं. मग नवऱ्याला हाक मारली. “अहो, जरा इकडे या.”

तांडेलानं पाहिलं. “खांब सरकला असेल.”

“खांब सरकायला काय त्याला पाय आहेत?”

“मग दोरी आटली असेल.”

“वीतभर कशी आटेल? जोर लावून ताणलीय मी. बरं, आता बाबांनाच विचारू.” एवढं बोलून तिनं मला खांद्यावर टाकलं. तांडेल मागोमाग आला, पण पावलं अशी टाकत होता जणू मी त्यालाच मागून ओढते आहे.

म्हातारा खाटेवर पडून होता. मुलीनं माझं शिसं त्याच्या उजव्या हाताच्या बोटांशी धरायला दिलं. त्यानं ते ओळखलं. त्याचे डोळे चमकले. मग तिनं त्याचा लुळा डावा हात दोन्ही हातांनी उचलला, हळूहळू आडवा केला, मिटलेली बोटं एकेक करून सरळ केली आणि मला त्याच्या छातीवरून ताणलं. कितीतरी दिवसांनी मी त्या छातीवर होते. खाली त्याचं काळीज धडधडत होतं. पहिली गाठ त्याच्या बोटांच्या टोकाशी यायला हवी होती. ती मनगटावर आली.

 एका वावात एक वीत, म्हणजे दोन वावांत दोन विती. पट्ट्यावर तेवढंच पाणी आम्हाला कमी पडलं होतं. भोंग्यानं चामडं चाचपलं ते खरं होतं. तो ओरडला तेही खरं होतं. चामडंच चुकीच्या जागी बसलं होतं.

म्हाताऱ्यानं गाठीकडे पाहिलं, मग जावयाकडे. त्याची जीभ अडखळली, पण शब्द कळले. “भोंगा... कुठं आहे?”

भोंग्याला काढल्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तांडेल खाटेच्या कडेला बसला. बराच वेळ त्यानं मला आपल्या बोटांभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मला वाटलं, आता हा मला चुलीत घालणार. पुरावा जाळला की मोकळा. मित्रांनो, मी त्याच्यावर संशय घेतला.

त्यानं मला उचललं आणि थेट बर्फाच्या गोदामात नेलं. वाटेत धक्क्यावरचे चारजण कुतूहलानं मागे आले, त्यांना त्यानं येऊ दिलं. भोंगा हातोडा घेऊन उभा होता. तांडेल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “तू बरोबर सांगितलंस. वाव माझा होता, नियम बाबांचा. माझे हात आखूड आहेत.”

मी त्या माणसाला समुद्रात वादळाशी झुंजताना पाहिलं आहे, पण ते शेवटचं वाक्य बोलताना त्याला जेवढा जोर लागला तेवढा कधीच लागला नसेल.

भोंग्यानं लगेच हातोडा टाकला नाही. तोही आता माझ्यासारखा झाला होता. त्यानं डोळे बारीक करून विचारलं, “आणि यापुढच्या खुणा कोणाच्या हाताच्या?”

“बाबांच्या.”

तेव्हा त्यानं हातोडा खाली ठेवला.

म्हाताऱ्याच्या खाटेवर माझ्या खुणा नव्यानं बांधल्या. दर वावाला मुलीनं तो लुळा हात उचलून धरला, तांडेलानं मला ताणलं आणि भोंग्यानं टाके घातले. चुकीच्या जागची दोन शेपट्यांची खूण कापायला भोंग्यानं सुरी काढली, तर तांडेल म्हणाला, “राहू दे तिथेच. फक्त शेपट्या छाट. माझ्या डोळ्यांसमोर राहू दे.”

त्या दिवसापासून आमच्या गलबतावर आणखी एक रीत पडली. पट्टा जवळ आला की मला फेकण्याआधी भोंगा आपल्या मूळ आवाजात ओरडायचा, “कोणाच्या हाताचा?” आणि तांडेल उत्तर द्यायचा, “बाबांच्या!” मगच मी पाण्यात. म्हातारा वारला त्यानंतरही उत्तर तेच राहिलं.

पुढे सगळ्यांसाठी एकच माप ठरलं, मग मीटर आले, मग तळाकडे आवाज सोडून खोली सांगणारं यंत्र आलं. ते यंत्र आकडा दाखवतं, पण वाळूचा एक कणही वर आणत नाही, म्हणून त्याच्याशी माझं फारसं सख्य नाही. मला एका खोलीत खिळ्याला टांगलं आहे. इथली झाडूवाली माझ्याकडे ज्या नजरेनं बघते ती मला पसंत नाही, आणि कोपऱ्यातल्या उंदराचा हेतू तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. मला अधूनमधून उन्हात न्या, उंदरापासून जपा. चाचपत गेलात तर दोन शेपट्यांच्या चामड्याच्या अलीकडे एक थोटकं चामडं हाताला लागेल. त्या दोन खुणांमध्ये फक्त दोन विती दोरी आहे. तेवढ्यात एक भला माणूस बुडत होता. संशय जरूर घ्या, तो वाईट नाही. पण माणसावर घेण्याआधी मापावर घ्या.

आणि मला हातात घ्याल तेव्हा मोठ्यानं विचारा, “कोणाच्या हाताचा?” उत्तर येणार नाही. दोऱ्या बोलत नाहीत, हा संशय खरं तर तुम्हाला पहिल्या ओळीलाच यायला हवा होता. तरी विचारा. तो प्रश्न ऐकून फार दिवस झाले.