गड्डा निघाला आसियाच्या सासरी

मी बोलतोय टेंपोतनं. आवाज हलत असंल तर माफ करा, रस्त्याला खड्डे हायत. डावीकडं नव्याकोऱ्या गाद्या, उजवीकडं स्टीलचं पिंप, आन मधी रंगाच्या जुन्या बादलीत मी. कॅला लिलीचा गड्डा.

गड्डा म्हटलं की तुमी सांगलीकडची माणसं लगीच म्हणणार, हळदीचा. न्हाई. हळदीचा न्हाई, सुरणाचा न्हाई, आळूचाबी न्हाई. आळू माझा लांबचा चुलता लागतो, पर आमचं येणंजाणं न्हाई.

माझा जन्म सातारा जिल्ह्यातला, पाचगणीचा. एका रोपवाटिकेच्या वाफ्यात आईच्या अंगाला चिकटून आमी नऊ भावंडं पडलेलो. वर धुकं, खाली गार भुसभुशीत माती. काम काय, तर झोपायचं. लय भारी दिवस हुते. मग एक दिवस माळ्यानं खुरपं घातलं, आमाला सोडवलं, माती झटकली आन टोपलीत भरून दारात ठेवलं.

त्याच दिवशी पलूसची आसिया तिच्या अम्मीला घिऊन तिथं फिरायला आलेली. अम्मी म्हंजे आख्तरबी. वाफ्यात माझ्या मावश्या फुलल्या हुत्या. चिरमुऱ्याची पुडी वळावी तसं गुळगुळीत फूल, मधी एक पिवळी कांडी. आसियाचं पायच हलंनात.

"अम्मी, माझ्या निकाहाला माझ्या हातात ह्येच फूल पायजे. प्लास्टिकचा गुच्छ धरून मी बसणार न्हाई."

"आगं, आधी नवरा तर ठरू दे!"

"नवरा कसलाबी चालंल. फूल ह्येच."

आख्तरबी पोट धरून हसली. मग टोपलीत हात घालून मलाच उचललं. "मग बाजारचं न्हाई. मी माझ्या हातानं फुलवीन आन तुझ्या हातात दीन. जुबान दिली."

झालं. माझ्या डोक्यावर कुणाच्या तरी लग्नाची जबाबदारी पडली. मला कुणी इच्यारलंसुदीक न्हाई.

पलूसला आख्तरबीचा नवरा वजीर गाद्या भरतो. माणूस गादी झकास भरतो, पर मला लावताना त्यानं उलटा लावला. आमा गड्ड्यांना डोळं असतात, तिथनंच कोंब निघतो. डोळं वर ठिवायचं आन वरनं दोन-तीन बोटं माती घालायची, एवढं सोपं काम. वजीर म्हणाला, "डोळ्यात ऊन जाईल बिचाऱ्याच्या." आन केला मला पालथा! मी कोंब काढला, निघालो जोरात. बराच लांब गेल्यावर कळलं, आपण तर बादलीच्या बुडाला चाललोय. मग वळलो. आजपतुर माझी मान जरा वाकडीच हाय.

वर आन पाणी. पलूसच्या माणसांना उसाला पाट सोडायची सवय, हात लय सैल. सकाळी तांब्या, दुपारी तांब्या, पाव्हणं आलं की त्यांच्या उरलेल्या पेल्यातलं पाणी. बादलीला बुडात भोकंच न्हाईत! मी आत पोहत हुतो. शेवटी वजीरनं सळई तापवून चार भोकं पाडली, तवा कुठं दम खाल्ला.

मग पानं आली. भिंतीपलीकडचा सोपान हळदीवाला शेतकरी. त्यानं भिंतीवरनं वाकून बघितलं.

"वैनी, तुमाला फसवलं. ह्यो साधा आळू हाय."

"आळू न्हाई ओ भाऊ, फूल हाय फूल."

"थांबा, खाऊनच दावतो!" म्हणत गड्यानं पान तोडलं आन चावलं की!

माझ्या रसात काय हाय ते मी सांगत न्हाई. सोपाननं पान थुकलं, जीभ भाईर काढली, हौदाभवती तीन फेऱ्या मारल्या. त्याची बायको बाळाबाई आधी घाबरली, गूळ आणला, ताक आणलं. नवरा मरत न्हाई एवढं बघितल्यावर भिंतीजवळ आली आन हळूच म्हणाली, "आख्तर, दुपारपासनं घरात काय शांतता हाय गं! अजून एक पान दे की."

त्या साली फूल काय आलं न्हाई. एवढ्या पाण्यात जीव वाचला हेच लय. शिमग्याच्या सुमाराला पानं पिवळी पडली आन आख्तरबीनं तोंड पाडलं. "गेला बघ. माझ्या जुबानीसकट गेला."

आसियानं मोबाईलवर वाचून सांगितलं, "अम्मी, मेला न्हाई, झोपलाय. उकरून सावलीत वाळवायचा, पाणी बंद."

सावली कुठं? तर सोपानच्या शेडात. तिथं मला ताडपत्रीच्या कोपऱ्यावर ठेवलं. शेजारी काय, तर सोपाननं काढलेल्या हळदीचा ढीग. रंग तसलाच, अंग तसलंच. वाऱ्यानं ताडपत्री हलली आन मी गडगडत सरळ ढिगात. मला तर मजा वाटली, केवढं गड्डं! म्हटलं, जत्राच भरली.

मग शेडाबाहेर बॉयलर आला. शेजारची हळद बोलायला लागली, "आता आपल्याला शिजवणार." म्हटलं, शिजवणार म्हंजे? ती म्हणाली, "वाफंवर. मऊ होस्तवर. मग वाळवणार, मग दळणार." माझी झोप खाडकन उडाली. मी वरडलो, पर गड्ड्याचं वरडणं कुणाला ऐकू जातंय!

बाळाबाई गड्डं निवडत बसलेली. एकेक उचलायची, नासकं असंल तर बाजूला, चांगलं असंल तर पाटीत. मला उचललं. आत पिवळा हाय का बघायला नख मारलं. जोर जरा जास्त झाला आन मी काडकन मोडलो. आतनं पांढराफेक! आन माझा रस तिच्या बोटाला. एक, दोन, तीन मोजायच्या आत ती खाजवायला लागली.

"आगं बया! आख्तर! ह्यो तर माझ्या नवऱ्याची बोलती बंद करणारा!"

आख्तरबी पदर सावरत धावत आली. बघते तर माझं दोन तुकडं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

बाळाबाई म्हणाली, "रडतीस कशाला? दोन्हीला डोळं हायत. एक तू लाव बादलीत, एक मी लावते वाफ्यात."

"माझ्या पोरीचं फूल हाय त्ये, बाळाबाई."

"मग बघू की, कुणाचं आधी येतंय."

एका क्षणात मी दोन झालो. माणसाला हे जमत न्हाई. एकाच टायमाला दोन घरांत जेवायचं, दोन्ही घरातल्या चहाड्या ऐकायच्या!

उन्हाळाभर दोन्ही तुकडं वजीरच्या कापसात झोपलो. एकदा त्यानं मला उशीत भरलंबी हुतं. गिऱ्हाईक म्हणालं, "मामू, ह्या उशीत दगड हाय," तवा सुटलो.

त्याच उन्हाळ्यात आसियाचं लग्न ठरलं. जतचा मुजीब, ट्रॅक्टर दुरुस्त करतो. निकाह डिसेंबरात.

गणपती झाल्यावर आमाला लावलं. ह्या खेपंला डोळं वर. आख्तरबीनं बादलीत काळ्या मातीत वाळू आन लेंडीखत मिसळलं. बाळाबाईनं पपईच्या सावलीत उंच वाफा केला, मला खोचलं आन इसरून गेली. तिला हळदीचंच काम पुरं. तिकडं वाफ्यात मी निवांत.

इकडं बादलीत मात्र नुसतं लाड. आख्तरबीनं चहाची भुकटी घातली, सोपानकडनं मूठभर युरिया आणून घातला, आन दर तासाला येऊन बघायची. मी पानं काढत गेलो. चौदा पानं! हत्तीच्या कानाएवढी. फूल म्हणाल तर नाव न्हाई. एवढं खायला मिळतंय तर फुलायची घाई कुणाला?

लग्नाला पंधरा दिवस राहिलं आन वाफ्यातल्या मला कळी आली. बाळाबाई भिंतीवरनं वरडली, "आख्तर, तुझ्या पानांची भाजी करतीस का? माझी कळी बघायला ये!"

आख्तरबी गेली न्हाई. बोलायचीच बंद झाली. बाळाबाईची थट्टाच हुती हो, पर जरा लांबलीच.

निकाहाच्या सकाळी आख्तरबी बादलीपाशी बसली. एकेक पान बाजूला करून बघितलं. आसिया मेंदीचं हात घिऊन मागं उभी.

"अम्मी, मला गजरा चालंल."

"जुबान दिली हुती गं मी."

"बाळामावशीला इच्यारू का?"

"मागायचं न्हाई. तिचं फूल तिला लखलाभ."

तेवढ्यात दारात बाळाबाई. हिरवं लुगडं, कोपरापतुर चिखल. हातात लांब दांड्याचं फूल, बुडातनं अलगद उपसलेलं. आन फूल पिवळंधमक! रंग मी कुणालाच सांगितला न्हवता.

"धर."

"तोडलंस कशाला?" आख्तरबी म्हणाली. "सगळ्या गल्लीला दावणार हुतीस न्हवं?"

"दावलं की पंधरा दिवस. धर म्हंते न्हवं. तूच दे पोरीला, तुझ्या हातानं. गड्डा तुझा, माती माझी, इषय संपला."

आख्तरबीनं फूल घेतलं. दोघी एकमेकीकडं बघायला लागल्या आन मग जे हसू फुटलं! मागनं सोपान वरडतोय, "पिवळं कसं आलं सांगा? माझ्या हळदीचा गुण!" आसियाच्या हातात फूल गेलं तवा तिच्या डोईवरची ओढणी हसण्यानं खाली घसरली. निकाह झाल्यावर मुजीबनं मात्र फुलाला बोट लावून बघितलं आन हळूच इच्यारलं, "प्लास्टिकचं हाय व्हय?" बिचाऱ्याला जतपतुर ऐकून घ्यावं लागंल.

निघताना आख्तरबीनं मला बादलीसकट उचलून टेंपोत ठिवलं. "ह्याला घिऊन जा, आसिया. हितं राहिला तर माझ्या पाण्यानंच मरंल."

आता तासगाव मागं पडलंय. आन मघापासनं चौदा पानांच्या मधी मला काहीतरी टोचतंय. आधी वाटलं, युरिया बाधला. न्हाई. कळी हाय हो! बोटाएवढी, हिरवी, गच्च मिटलेली.

तवा माझं एक काम करा. तुमच्यातलं कुणी पलूसला निघालं असंल तर गादीवाल्या वजीरचं घर इच्यारा. आख्तरबी आत एकटीच भांडी आवरत बसली असंल. तिला म्हणा, तुझ्या बादलीतबी आलं. उशिरा आलं, पर तुझ्याच हाताचं आलं.

आन जरा मोठ्यानं म्हणा. भिंतीपलीकडं बाळाबाईला ऐकू गेलं पायजे.